रूकी लीगच्या संघाची यादी कशी वाचावी

मेजर लीग बेसबॉलच्या क्लबची २६ जणांची यादी टीव्हीवर सामने बघणाऱ्या कुणालाही ठाऊक असते. त्याच क्लबच्या अगदी तळाच्या संघाची यादी फारसं कुणी उघडत नाही, आणि उघडलीच तर चुकीच्या रकान्यापासून वाचायला घेतो. क्रिकेटवर वाढलेली नजर आधी सरासरीकडे जाते (बेसबॉलमध्ये सरासरी म्हणजे फलंदाजीच्या संधींपैकी किती वेळा हिट लागला त्याचं प्रमाण). रूकी, म्हणजे अगदी नवख्यांच्या, पातळीवर सरासरी हा अगदी शेवटी बघायचा आकडा आहे. आधी जन्मतारीख बघा. मग पोरगा क्लबमध्ये कुठल्या दाराने आला ते, मग तो कुठल्या जागी खेळतो ते, मग वॉक (चार बाहेरचे चेंडू सोडल्यावर फुकट मिळणारा बेस) आणि स्ट्राइकआउट (तीन चेंडू हुकून किंवा सोडून बाद होणं). या क्रमाने गेलं तर तीस-पस्तीस अनोळखी नावांतून लक्ष ठेवण्याजोगी पाच-सहा नावं आपोआप वर येतात.

शिडी अशी आहे. मेजर लीगचे ३० क्लब. त्यांच्याखाली ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए आणि सिंगल-ए अशा चार पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर प्रत्येक क्लबचा एक संघ, म्हणजे एकूण १२०. २०२१च्या फेररचनेआधी असे १६० संघ होते. या चार पायऱ्यांच्याही खाली रूकी पातळी येते आणि तिथे तीन लीग आहेत: ॲरिझोना कॉम्प्लेक्स लीग, फ्लोरिडा कॉम्प्लेक्स लीग आणि डॉमिनिकन समर लीग. फ्लोरिडातल्या लीगचं २०२०पर्यंतचं नाव गल्फ कोस्ट लीग होतं, त्यामुळे जुन्या नोंदी शोधताना ते नाव घालावं लागतं.

‘कॉम्प्लेक्स’ म्हणजे क्लबचं सराव केंद्र. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुख्य संघ जिथे सरावाला येतो, त्याच आवारातल्या मागच्या मैदानांवर हे सामने होतात. निम्मे क्लब ॲरिझोनात फिनिक्सच्या आसपास सराव करतात, निम्मे फ्लोरिडात. क्लबची रूकी लीग कोणती हे त्यावरून ठरतं. तिकीट नाही, शहराचं नाव नाही, संघ फक्त क्लबच्या नावाने ओळखला जातो. जिंकण्या-हरण्याला इथे जवळपास किंमत नाही. चांगल्या लयीत असलेल्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, ठरलेले चेंडू झाले की बाहेर काढतात, भले सामना हातचा जावो. मॅनेजरची नोकरी विजयांवर नाही, तर किती पोरं वरच्या पायरीवर जातात यावर टिकते. म्हणून गुणतक्ता वाचण्यात वेळ घालवू नये.

हंगाम छोटा असतो, साठेक सामन्यांचा. २०२४पासून तो मेच्या सुरुवातीला सुरू होऊन जुलैअखेर संपतो. त्याआधी जून ते ऑगस्ट चालायचा. हा बदल वरवर किरकोळ वाटतो, पण यादीचा चेहराच त्याने बदलला. वार्षिक ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडणं, जुलैत होतो. पूर्वी निवड झालेला शाळकरी खेळाडू करार करून लगेच याच लीगमध्ये पहिले सामने खेळायचा. आता त्याचा करार होईपर्यंत हंगाम आटोपलेला असतो. त्यामुळे मे महिन्यातल्या यादीत दिसतात ती गेल्या वर्षीच्या ड्राफ्टमधली शाळकरी मुलं आणि डॉमिनिकन समर लीगमधून वर आणलेली मुलं. यंदाच्या ड्राफ्टमधलं नाव इथे सापडलं नाही म्हणून गडबडून जायचं कारण नाही. तो एक तर कॉम्प्लेक्सवर अनौपचारिक सामने खेळत असतो किंवा थेट सिंगल-एला गेलेला असतो.

कोण कुठल्या दाराने आला

पहिलं दार ड्राफ्टचं. अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिको इथले खेळाडू यातूनच येतात. २०१९पर्यंत ४० फेऱ्या असायच्या, कोविडच्या वर्षी ५च झाल्या, आणि २०२१पासून २० आहेत. शाळा संपवलेला मुलगा साधारण १८ वर्षांचा असतो. चार वर्षांच्या कॉलेजात गेलेला बहुतेक वेळा २१चा झाल्यावर येतो. कॉलेजचा खेळाडू सहसा रूकी पातळी ओलांडूनच पुढे जातो. म्हणून कॉम्प्लेक्सच्या यादीत २२ वर्षांचा कॉलेजवाला दिसला तर कारण शोधावं: शस्त्रक्रियेतून उठतोय का, फलंदाजाचा पिचर केला जातोय का, की शेवटच्या फेऱ्यांतून आलेला आणि क्लबला अजून उमगलेला नाही?

दुसरं दार आंतरराष्ट्रीय करारांचं, आणि रूकी यादीतली मोठी गर्दी या दाराची. डॉमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएला, क्युबा, पनामा, कोलंबिया, मेक्सिको इथली मुलं ड्राफ्टमध्ये नसतात. ती १६व्या वर्षी थेट करार करू शकतात. अट एवढीच की करारातल्या पहिल्या हंगामाच्या १ सप्टेंबरच्या आत वय १७ पूर्ण व्हायला हवं. करारांचा काळ १५ जानेवारी ते १५ डिसेंबर. प्रत्येक क्लबला वर्षाला ठरावीक निधी मिळतो, मात्र १०,००० डॉलर किंवा त्याहून कमी बोनसचे (करारावेळी हातात मिळणाऱ्या रकमेचे) करार त्या निधीत धरत नाहीत. त्यामुळे क्लब असे स्वस्त करार भराभर करतात. यातली बहुतेक मुलं पहिली एक-दोन वर्षं डॉमिनिकन समर लीगमध्ये काढतात. तिथे सगळ्या ३० क्लबांच्या अकादम्या आहेत, राहणं-खाणं-शाळा तिथेच, आणि कित्येक क्लब एकाच्या जागी दोन संघ उतरवतात.

बोनसच्या रकमेवरून खेळाडूचा दर्जा कळेलच असं नाही. त्यावरून कळतं की त्याला किती वेळा चुकायची मुभा आहे. वीस लाख डॉलर मोजलेल्या पोराने पहिला हंगाम वाया घालवला तर त्याला दुसरा मिळतो, तिसराही मिळतो. दहा हजारवाल्याला दुसऱ्या वर्षीच नारळ मिळू शकतो. पण उलटंही घडतं, आणि या खेळाची गंमत तिथेच आहे. एली डे ला क्रूझचा सिनसिनाटी रेड्सशी करार ६५,००० डॉलरचा होता. २०१९मध्ये डॉमिनिकन समर लीगच्या पूर्ण हंगामात त्याने एकच होम रन मारला. २०२०चा हंगाम झालाच नाही. मधल्या काळात त्याची उंची आणि ताकद दोन्ही वाढली, २०२१मध्ये ॲरिझोनातले अवघे ११ सामने खेळून तो वर गेला, आणि जून २०२३मध्ये मेजर लीगमध्ये होता. २०१९ची ती एक होम रनची ओळ वाचून त्याच्यावर काट मारणारे पुष्कळ असतील.

तिसरं दार तात्पुरतं असतं. दुखापतीतून बरे होणारे वरच्या पातळीचे खेळाडू सरावासाठी कॉम्प्लेक्सच्या सामन्यांत उतरतात. मेजर लीगच्या खेळाडूला अशा सरावासाठी फलंदाज असेल तर २० आणि पिचर असेल तर ३० दिवस मिळतात. मायनर लीगचेही, म्हणजे मेजरखालच्या पातळ्यांचेही, रुग्णाईत पिचर इथूनच सुरुवात करतात. कुमार रॉकर हे भारतीय वंशाच्या आईमुळे आपल्याकडे थोडंफार ऐकू येणारं नाव. २०२३मध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाल्यावर २०२४च्या जुलैत तो टेक्सास रेंजर्सच्या ॲरिझोनातल्या रूकी संघाकडूनच परतला आणि सप्टेंबरमध्ये मेजर लीगमध्ये पोचला. अशा पिचरसमोर १८ वर्षांच्या पोराने तीनदा स्ट्राइकआउट होणं यात लाजण्यासारखं काही नाही, पण आकड्यांत ते नोंदलं जातंच. एखाद्या दिवशीचा निकाल विचित्र वाटला तर समोरच्या पिचरचं वय बघून घ्यावं.

दोन फलंदाज, एकच संघ

समजा एकाच यादीत दोन नावं आहेत. पहिल्याचं वय १७ वर्षं ९ महिने, शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला क्षेत्ररक्षक), १८० वेळा फलंदाजीला आला, सरासरी ०.२३८, वॉक २८, स्ट्राइकआउट ३४. दुसरा साडेवीस वर्षांचा, फर्स्ट बेस, तेवढ्याच संधी, सरासरी ०.३१५, वॉक ७, स्ट्राइकआउट ५२. वृत्तपत्री नजरेला दुसरा उजवा. क्लबच्या बैठकीत मात्र चर्चा पहिल्याची होते.

हिशोब करून बघा. पहिल्याच्या वॉकचं प्रमाण साडेपंधरा टक्के, स्ट्राइकआउट १९ टक्के. म्हणजे कुठला चेंडू सोडायचा हे त्याला कळतं, आणि मारायला गेला तर बॅट लागते. दुसऱ्याचे वॉक चार टक्क्यांच्या आत, स्ट्राइकआउट २९ टक्के. तो दिसेल त्यावर बॅट फिरवतो. रूकी पातळीवर हे खपतं, कारण इथल्या पिचरांना स्लायडर, म्हणजे बाजूला वळणारा चेंडू, हवा तिथे टाकता येत नाही. फसला की ते सरळ फास्टबॉलवर येतात आणि तो फास्टबॉल साडेवीस वर्षांच्या दणकट पोराला मिळतो. डबल-एचे पिचर त्याला स्ट्राइक, म्हणजे मारता येईल अशा पट्ट्यातला चेंडू, देणारच नाहीत. बाहेर जाणाऱ्या चेंडूंवरच तो आउट होत राहील.

सरासरीला इतर रोगही आहेत. फिनिक्सच्या परिसराची उंची समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास, हवा कोरडी आणि तापलेली, मैदान टणक. चेंडू लांब जातो, जमिनीवरून सुसाट निघतो. फ्लोरिडाच्या दमट हवेत तेवढी साथ नाही. म्हणून ॲरिझोनातले ०.३०० आणि फ्लोरिडातले ०.३०० एका मापाने मोजू नयेत. शिवाय या पातळीवर क्षेत्ररक्षण कच्चं असतं. चूक म्हणून नोंद व्हायला हवी असे कितीतरी चेंडू हिट म्हणून लिहिले जातात. आणि साठ सामन्यांच्या हंगामात पाच-सहा लकी हिटांनी सरासरी तीस-पस्तीस अंशांनी (०.०३० ते ०.०३५) सहज हलते. पूर्ण हंगाम गाजवलेले पुढे चमकतच नाहीत असं मात्र नाही. हुआन सोटोने २०१६मध्ये गल्फ कोस्ट लीगमध्ये ०.३६१ मारले आणि मे २०१८मध्ये १९व्या वर्षी तो मेजर लीगमध्ये होता. पण त्याचे १७ हे वय त्या सरासरीइतकंच बोलकं होतं. हेच आकडे २१ वर्षांच्या पोराचे असते तर कुणी दखल घेतली नसती.

वयाचा ढोबळ ठोकताळा असा धरावा: ॲरिझोना-फ्लोरिडात १७-१८ वर्षांचा नियमित खेळत असेल तर क्लबची मर्जी आहे, १९ म्हणजे वेळेवर, २० म्हणजे आता हालचाल हवी. त्याच पातळीवर दुसरं वर्ष काढणाऱ्याचे आकडे सुधारतातच. त्याला वीस टक्के सूट देऊनच वाचावं. तिसरं वर्ष काढणारा बहुधा दुखापतग्रस्त असतो, नाहीतर कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू पकडणारा).

कॅचरला खरोखर वेळ लागतो. चेंडू पकडणं, अडवणं, पिचरला सांभाळणं आणि त्यातून उरलेल्या ताकदीत फलंदाजी करणं. प्रत्येक यादीत चार-पाच कॅचर दिसतात ते सगळे होतकरू असतात असं नाही. रोज वीसेक पिचर सराव करतात, त्यांचे चेंडू पकडायला कुणीतरी लागतंच. शॉर्टस्टॉपचं उलट. चांगले हातपाय असलेला प्रत्येक मुलगा आधी शॉर्टस्टॉपच असतो, म्हणून यादीत त्यांची भाऊगर्दी. अंग भरलं की कुणी थर्ड बेसला जातो, कुणी सेकंडला, कुणी आउटफिल्डला. १७व्या वर्षीच फर्स्ट बेसवर असलेल्याला सरकायला जागा उरलेली नसते. त्याला फलंदाजीवरच वर जावं लागतं.

पिचर

पिचरच्या बाबतीत ईआरए, म्हणजे नऊ डावांमागे त्याच्या खात्यावर पडणाऱ्या धावा, हा आकडा तर आणखी फसवा. भारताशी थेट संबंध असलेलं उदाहरण आहे. २००८च्या एका गोलंदाजी स्पर्धेतून निवडलेले उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केले, आणि २००९च्या उन्हाळ्यात ते फ्लोरिडात गल्फ कोस्ट लीगमध्ये उतरले. त्या हंगामात पटेलचा ईआरए १.४२, सिंगचा ५.८४. पुढच्या वर्षाअखेर मोकळा झाला तो पटेल. सिंग मात्र सिंगल-एपर्यंत चढला आणि २०१२पर्यंत टिकला. पुढे दुखापतींनी अडवलं. मोजक्या डावांवर काढलेला ईआरए एका वाईट दिवसाने दुप्पट होतो आणि दोन चांगल्या झेलांनी निम्मा.

त्याऐवजी तीन गोष्टी बघाव्यात. पहिली, शंभर चेंडूंत स्ट्राइक किती. साठच्या खाली असेल तर बाकी सगळं फजूल. दुसरी, नऊ डावांमागे वॉक. या पातळीवर पाच-सहा वॉक सर्रास दिसतात, त्यामुळे तीनच्या आत ठेवणारा १८ वर्षांचा पिचर दुर्मीळ. तिसरी, वेग आणि तो किती चेंडू टिकतो. मेजर लीगमध्ये फास्टबॉलचा सरासरी वेग हल्ली ताशी ९४ मैलांच्या घरात आहे, म्हणजे सुमारे १५१ किलोमीटर. १६व्या वर्षी ८८-८९ टाकणारा सडपातळ मुलगा दोन वर्षांत ९४ला पोचेल या भरवशावरच क्लब पैसे लावतो. पोचतोही, आणि तिथेच धोका सुरू होतो. स्नायू वेगाने वाढतात. कोपराच्या आतल्या बाजूचं अस्थिबंध तेवढं झपाट्याने बळकट होत नाही. तो फाटला की टॉमी जॉन शस्त्रक्रिया, म्हणजे मनगटाजवळचा किंवा मांडीचा कंडरा काढून तिथे बसवणं, आणि साधारण १२ ते १८ महिने बाहेर. १९७४मध्ये टॉमी जॉन या पिचरवर ती प्रथम झाली, तेव्हापासून नाव तेच. यादीत ‘६० दिवसांची दुखापत यादी’ असा शेरा असलेला पिचर दिसला की बहुधा प्रकरण कोपराचं नाहीतर खांद्याचं असतं.

म्हणूनच हे पिचर दोन-तीन डावांपुरतेच टाकतात आणि पाच-सहा दिवसांनी पुन्हा येतात. दोन होतकरू पिचर एकाच सामन्यात पाठोपाठ टाकतात. ‘सुरुवातीचा’ पिचर कोण याला त्यामुळे फारसा अर्थ नाही. तिसऱ्या डावात आलेला कधीकधी जास्त मोलाचा असतो.

स्काउट, म्हणजे क्लबसाठी खेळाडू पारखणारे, हे सगळं २० ते ८०च्या मापावर लिहितात. ५० म्हणजे मेजर लीगचा सरासरी खेळाडू. धावण्यात उजव्या हाताच्या फलंदाजाने होम प्लेटवरून फर्स्ट बेस ४.३ सेकंदांत गाठला तर ५०, डावखुऱ्याला ४.२ लागतात कारण तो एक पाऊल जवळ उभा असतो. कॅचरने चेंडू पकडल्यापासून सेकंड बेसवर पोचेपर्यंत २.० सेकंद म्हणजे ५०. प्रत्येक गुणाला दोन आकडे असतात, आजचा आणि पुढचा. रूकी पातळीच्या मुलाची फलंदाजी ‘२५/५५’ लिहिलेली असते तेव्हा पहिला आकडा पाहिलेला असतो, दुसरा स्काउटचा अंदाज. या दोन आकड्यांमधलं अंतर जेवढं मोठं तेवढा धोका मोठा, आणि रूकी यादीत ते अंतर सगळ्यात मोठं असतं.

जागा मोजक्या

२०२४पासून हंगामात क्लबला अमेरिकेतल्या सगळ्या मायनर लीग पातळ्या मिळून १६५ खेळाडूच ठेवता येतात. आधी १८० होते. डॉमिनिकन समर लीगचे खेळाडू यात धरत नाहीत. याचा अर्थ, एक मुलगा सांतो डोमिंगोहून विमानात बसतो तेव्हा अमेरिकेतली एक जागा खर्च होते. जुलैत ड्राफ्टचे वीसेक नवे येतात, म्हणजे तेवढेच बाहेर. मार्चअखेर आणि ड्राफ्टनंतर खेळाडू मोकळे झाल्याच्या बातम्यांची रांग लागते ती यामुळे. करारात वर्षं शिल्लक असली तरी क्लब कधीही मोकळं करू शकतो. खेळाडू मात्र सोडून जाऊ शकत नाही.

पगाराची स्थिती २०२३पर्यंत लाजिरवाणी होती. कॉम्प्लेक्स लीगच्या खेळाडूला वर्षाला किमान ४,८०० डॉलर मिळायचे. खेळाडूंची संघटना झाल्यावर पहिला सामूहिक करार झाला आणि हा आकडा १९,८०० वर गेला. डॉमिनिकन समर लीगची मुलं त्या करारात नाहीत, हे खटकण्यासारखंच आहे.

शेवटचं घड्याळ रूल ५ ड्राफ्टचं. १८ किंवा त्याहून कमी वयात करार केलेल्याला पाच हंगामांत, त्याहून मोठ्याला चार हंगामांत क्लबच्या ४० जणांच्या राखीव यादीत (२६ जणांचा मुख्य संघ याच यादीतून निघतो) घ्यावं लागतं. नाही घेतलं तर डिसेंबरमध्ये दुसरा क्लब त्याला उचलू शकतो. १६व्या वर्षी आलेल्या पोराची दोन वर्षं डॉमिनिकनमध्ये आणि दोन कॉम्प्लेक्सवर गेली तर क्लबला त्याला डबल-एमध्ये बघायलाही न मिळता निर्णय घ्यावा लागतो.

वर गेलेला परत खाली येणं ही मात्र शिक्षा समजू नये. तेलुगू कुटुंबातला अर्जुन निम्माला २०२३च्या ड्राफ्टमध्ये २०व्या क्रमांकावर टोरंटो ब्लू जेजकडे गेला, बोनस ३० लाख डॉलर, वय १७. २०२४च्या सुरुवातीला सिंगल-एमध्ये तो चाचपडला, तेव्हा क्लबने त्याला काही आठवडे कॉम्प्लेक्सवर परत नेलं. ब्लू जेजचा सिंगल-ए संघ आणि कॉम्प्लेक्स दोन्ही डनीडनलाच असल्याने त्याला गावही बदलावं लागलं नाही. तिथे निकालाची काळजी न करता फटक्याची वेळ दुरुस्त करता येते. परत गेल्यावर त्याचे होम रन वाढले आणि पुढचा हंगाम त्याने हाय-एमध्ये सुरू केला. व्यवहारांच्या नोंदीत ‘कॉम्प्लेक्सकडे रवानगी’ दिसली की आधी वय बघावं: १८ असेल तर दुरुस्ती, २३ असेल तर निरोपाची तयारी.

फिनिक्स किंवा टॅम्पाच्या बाजूला राहणाऱ्या मराठी मंडळींना हे सामने फुकटात बघता येतात. ॲरिझोनात सामने बहुधा संध्याकाळी असतात, कारण जून-जुलैत दुपारचं तापमान ४० अंशांच्या वर जातं. फ्लोरिडात दुपारी बाराच्या सुमारास सुरू होतात, कारण नंतर विजा-पाऊस ठरलेला. वेळापत्रक त्याच सकाळी तपासावं, मैदान ऐनवेळी बदलतं. बसायला ॲल्युमिनियमच्या दोन-चार फळ्या, खायला काही मिळेलच असं नाही, पाणी आपलं न्यावं. बऱ्याच संघांच्या जर्सीवर नाव नसतं आणि मागच्या मैदानांवर एकाच क्रमांकाचे दोन खेळाडूही निघतात, म्हणून यादीचा कागद छापून न्यावा आणि त्यावर क्रमांकाबरोबर उंची व कुठल्या हाताने खेळतो तेही लिहून ठेवावं. जागा होम प्लेटच्या मागे, रडारगन घेतलेल्या माणसांच्या जवळ धरावी. वेगाचे आकडे तिथेच दिसतात.